रजेवरून आलेलं नाक

दार उघडलं आणि माझ्या घरातून दुसऱ्या कुणाचा तरी वास आला.

तुम्ही म्हणाल, वास काय, कशाचाही येतो. नाही हो! वास हा माझा धंदा आहे. साबणाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मी वास तपासते. बॅच निघाली की तिची एक वडी माझ्या टेबलावर येते, मी ती नाकाशी धरते आणि सांगते, पास की परत. मधे एक यंत्रही आणून ठेवलंय, पण मॅनेजर अजून यंत्राचा कागद हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघतो. कारखान्यात मला 'नाकवाल्या बाई' म्हणतात. कोण लपून सिगारेट ओढतं, कुणाच्या घरी तान्हं बाळ आलंय, कोण काल रडून झोपलं आणि तोंड न धुता कामावर आलं, हे मला डबा खाता खाता कळतं. तेव्हा "आलीस? प्रवास नीट झाला ना?" असं हसत विचारणाऱ्या माझ्या नवऱ्याला कल्पनाही नव्हती, की त्यांनी तोंड उघडायच्या आधीच घरानं मला सगळं सांगून टाकलंय.

मी पाच आठवड्यांनी परत येत होते. ताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, कमरेचं हाड मोडलं होतं. तिच्या घरी राहिले, तिचं केलं, तिच्याच पावडरीत माझे कपडे धुतले, तिच्याच कपाटात ठेवले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण घर सोडून दोन रात्रींच्या वर मी कधी कुठे राहिले नव्हते. पहिल्यांदाच गेले आणि हे असं.

बॅग दारातच ठेवून मी हुंगायला लागले. वास वाईट नव्हता, तेच तर! वाईट असता तर म्हटलं असतं, कुठेतरी उंदीर मेलाय. हा राहत्या, वावरत्या माणसाचा वास होता. तळाशी किंचित आंबूस. मधे लवंगेसारखं काहीतरी तिखट. आणि वर उबदार, बंद कपाटातल्या लाकडासारखं.

आमच्या कामात एक पद्धत आहे. नाक थकतं. पाच-सहा वास घेतले की सातवा खरा कळत नाही. मग आपलं कोपर दुमडायचं आणि बाहीच्या त्या खाचेत नाक खुपसून दोन श्वास घ्यायचे. आपला वास आपल्याला येत नाही, म्हणून ते आपलं शून्य. पाटी पुसल्यासारखी होते. मग पुढची वडी. मी घरातही तसंच केलं. बाही, मग सोफ्याची उशी. बाही, मग टॉवेल. बाही, मग यांचा शर्ट. प्रत्येक वेळी शून्यावरून वास टक्कन वर यायचा. शंकेला जागाच नव्हती.

पलंगावरच्या दोन्ही उशांना तो होता. माझ्यासुद्धा! आणि माझं कपाट उघडलं तर आतून भपकारा आला. पाच आठवडे बंद असलेलं माझं कपाट. म्हणजे त्या बाईनं माझे कपडे घालून बघितले होते. मी पलंगावर बसले, पर्समधली वही काढली आणि तारीख घालून लिहिलं: तळाशी आंबूस, मधे लवंग, वर उबदार लाकूड. स्त्री. वय जास्त नाही.

वय कशावरून, ते मला विचारू नका. तेव्हा मला सगळंच कळत होतं.

"काय शोधतेस?" यांनी दारातून विचारलं.

"काही नाही. घरात कुणी आलं होतं का?"

"कोण येणार?" ते म्हणाले आणि चहा टाकायला गेले. बघा, उत्तर द्यायच्या ऐवजी प्रश्न! मी ते पण लिहिलं.

आमचे हे बुकबाइंडर. जुनी, फाटकी पुस्तकं उसवून, शिवून, चिकटवून पुन्हा धडधाकट करतात. नाकासमोर चालणारा माणूस, असं सगळे म्हणतात. सकाळी अंघोळ, नऊला दुकान, सातला घर, जेवण, रेडिओ. बोलणं कमी. भांडण तर येतच नाही त्यांना, मी एकटीच दोघांच्या वाटचं भांडते. आजवर मला या माणसाचा कधी संशय आला नव्हता. पण संशय कसा असतो ठाऊक आहे? तो आला की मागचंही सगळं बदलून टाकतो. मला वाटायला लागलं, इतका सरळ माणूस असतोच कसा? कमी बोलतो तो का कमी बोलतो?

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले. सकाळच्या चार बॅचपैकी दोन मी परत केल्या. म्हटलं, या वड्यांवर दुसराच कसला तरी वास चढलाय. थोरल्या बाईंनी, म्हणजे आमच्या तपासणी खात्याच्या प्रमुखांनी, त्याच वड्या हुंगल्या आणि दोन्हीवर पासचा शिक्का मारला.

"नाकवाल्या बाई, रजेवरून आलेलं नाक आठ दिवस कच्चं," त्या म्हणाल्या. "आठ दिवस तुझं मत वहीत धरायचं नाही. नियम आहे. नव्या मुलींना हा नियम कोण शिकवतं?"

"मीच," मी म्हणाले.

"मग? परगावचं अंथरूण, परगावचं पाणी. येईल जाग्यावर."

मी मान डोलावली. कारखान्याचं ठीक आहे हो, नियम म्हणजे नियम. पण घर म्हणजे काय बॅच आहे?

त्या संध्याकाळी हे सातला आले, मी दारातच उभी होते. जवळ गेले, श्वास घेतला आणि नाक मुरडलं असणार, कारण त्यांचा चेहरा पडला. वास आज कालपेक्षा जास्त होता, ताजा. तिसऱ्या दिवशी ते घरात पाऊल टाकल्याबरोबर थेट अंघोळीला गेले. संध्याकाळी! सत्तावीस वर्षांत संध्याकाळची अंघोळ मी पाहिली नव्हती. चौथ्या दिवशी दुकानातूनच शर्ट बदलून आले. आणि बाथरूममध्ये एक नवा साबण दिसला, गुलाबाचा, भडक वासाचा, तोही दुसऱ्या कंपनीचा. बायको साबणाच्या कारखान्यात आणि नवरा बाहेरून साबण विकत आणतो! काय झाकायला? पोलिसाच्या घरात चोरीचा माल सापडावा, तसं मला झालं.

आम्हाला मूलबाळ नाही. हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई उगाच तडफडते. त्या घरात माणसं दोनच. त्यातलं एक दुसरीकडे वळलं, तर माझ्याजवळ राहणार काय? एक कपाट, एक रेडिओ आणि हे नाक. पन्नाशीला आलेल्या बाईला ही भीती किती मोठी असते ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मी रागावले होते असं सगळ्यांना वाटलं. मी घाबरले होते.

मग मी माणसं हुंगायला लागले. खालच्या मजल्यावरची शेजारीण वर्तमानपत्र मागायला आली. मी तिला मिठीच मारली. पाच आठवड्यांनी भेटले आणि एवढ्या प्रेमानं भेटले म्हणून त्या बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या मानेत नाक खुपसून बघत होते. खोबरेल आणि सर्दीचं मलम. ती सुटली. वरच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई, त्यांना जिन्यात मुद्दाम धक्का दिला. धूप आणि घाम. त्याही सुटल्या. दुकानदाराची मुलगी, पोस्टातली बाई, कुणालाच सोडलं नाही मी. घरात शिरलं की वास, बाहेर पडलं की नाही. आणि या सगळ्यात एक नाव मी मागे ठेवत होते, कारण ते पहिल्या दिवसापासूनच माझ्या मनात होतं.

शिवणवाली.

ती यांच्या दुकानात चार वर्षं पुस्तकांची पानं दोऱ्यानं शिवायला येते. नवरा वारलेला, चाळिशीच्या आतबाहेरची. काही गमतीचं बोलणं झालं की सुई खाली ठेवून हसते, म्हणजे हसायलाही वेगळा वेळ काढते. मला ती आवडायची. म्हणूनच तर.

सहाव्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि न सांगता दुकानावर गेले. लांबट खोली, खिडकीपाशी यांचं टेबल. टेबलावर कात्री, पट्टी, चिकटवायच्या खळीचं झाकणाचं भांडं. टेबलाला लागूनच शिवणवालीची खुर्ची. एक शाळामास्तर पाठ निघालेला शब्दकोश घेऊन उभे होते.

दारातच वास आला. आत चार पावलं टाकली, वाढला. खुर्चीजवळ गेले, तर एवढा वाढला की डोळे मिटले तरी मी तिथपर्यंत पोचले असते.

"अय्या वहिनी! कधी आलात?" शिवणवाली म्हणाली. "ताईंना आता चालता येतं का?"

मी कोपर दुमडलं, बाहीत नाक घातलं, दोन श्वास घेतले. मग वाकून तिच्या खांद्याशी नाक नेलं. तळाशी आंबूस. मधे लवंग. तोच.

"या बाईचा वास माझ्या उशीला येतो," मी म्हणाले.

हळू म्हणाले असते तरी चाललं असतं. मी हळू म्हणाले नाही. शाळामास्तरांनी शब्दकोश छातीशी धरला. शिवणवालीनं आधी काय केलं सांगू? तिनं स्वतःचे हात वर घेऊन हुंगले. खरंच काय वास येतो ते बघायला. मग माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे, आणि तिला अर्थ कळला. तिनं सुई रिळात खोचली, अर्धं शिवलेलं पुस्तक सरळ करून टेबलावर ठेवलं, पिशवी घेतली आणि गेली.

"तू काय बोललीस, कळतंय का तुला?" हे म्हणाले.

"मला नाही, माझ्या नाकाला कळतंय."

संध्याकाळी ते घरी आले आणि अंघोळीला गेले नाहीत. खुर्चीवर बसून राहिले. मी बोलत होते. तो साबण, त्या अंघोळी, बदललेले शर्ट, माझं कपाट, सगळं एकेक करून मांडलं. वहीसुद्धा वाचून दाखवली, तारखांसकट. खरं सांगते, मला वाटत होतं त्यांनी भांडावं. ताट आपटावं, म्हणावं वेडी झालीस का, शपथा घ्याव्यात. एकदा जरी मोठ्यानं 'नाही' म्हणाले असते तरी मी त्यांच्या गळ्यात पडून रडले असते. पण ते गप्प. आणि गप्प बसणाऱ्याला आपण काय म्हणतो? चोराच्या मनात चांदणं!

शेवटी एवढंच म्हणाले, "तुझ्या नाकापुढे माझं तोंड काय चालणार?" लहान बॅगेत चार कपडे भरले. "धाकट्याकडे जातो," म्हणाले. धाकटा म्हणजे माझा दीर. जाताना सवयीनं गॅस बंद आहे का ते बघून गेले.

आणि मग तिसऱ्याच दिवशी वास गेला.

मी कारखान्यातून आले, दार उघडलं, आणि काही नाही. उशी हुंगली, काही नाही. कपाट उघडलं, नुसतं कपाट. मी घरभर फिरले, अगदी पायपुसणंही सोडलं नाही. गेला! माणूस गेला आणि वास गेला. याहून मोठा पुरावा कुठलं कोर्ट मागेल? वहीत लिहिलं: आज वास नाही. खाली दोन रेघा ओढल्या. कारखान्यातही त्याच सुमारास थोरल्या बाईंनी माझी मतं वहीत धरायला सुरुवात केली. एकही बॅच चुकली नाही. माझं नाक पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं, आणि मी ताठ मानेनं घरी येऊन एकटी जेवत होते.

महिना गेला. बरोबर ठरण्यात एवढं सुख नसतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. रेडिओ लावला तर दोन बातम्यांच्या मधली जागा खायला उठायची. एकदा यांची चष्म्याची डबी सोफ्याखाली सापडली, ती मी पुसून टेबलावर ठेवली आणि मग स्वतःवरच चिडून पुन्हा सोफ्याखाली ढकलली.

मग ताई आली. आता काठी घेऊन चालत होती, डॉक्टरला दाखवायला आली होती, म्हणाली चार दिवस तुझ्याकडे राहते. मी तिला यांचं काही कळवलं नव्हतं. म्हणायचं होतं, कामासाठी बाहेरगावी गेलेत. दार उघडलं. ताई उंबऱ्यातच थांबली, काठीवर भार दिला, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"आलं बाई तुझं घर!"

"म्हणजे?"

"अगं, वास. तुझ्या घराचा वास. तू माझ्याकडे आलीस ना, तेव्हा तुझी बॅग उघडल्यावर पहिले दोन-तीन दिवस माझी खोली अशीच दरवळत होती. मग धुण्यात गेला. तुझी शाल विसरून गेलीस, ती मी मुद्दाम धुतली नाही. पडल्या पडल्या करमेनासं झालं की तोंडावर घ्यायची."

"कसला वास?" मी म्हणाले. मी नाक वर करून जोरात हुंगलं. एकोणीस वर्षांचं नाक. काही नाही. "मला तर काही येत नाही."

"तुला कसा येईल? तू आतली. तो नाही का, खळीचा आंबूस. आणि तुझे हे त्यात लवंगेचं तेल घालतात ना, पुस्तकांना कीड लागू नये म्हणून, तो तिखट. आणि ते तुझं आजोबांच्या वयाचं कपाट, त्याचं लाकूड." ताई हसली. "आता नवलानं बघतेस काय? लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलीस तेव्हा तूच रडत होतीस. 'ताई, त्या घराला एक वास आहे, सगळ्याला येतो, उशीला पण येतो, मला झोप लागत नाही.' आईनं काय सांगितलं, आठवतं? 'आठ दिवस थांब, जाईल.'"

मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर बसले, नसती तर जमिनीवर बसले असते.

मग मी आतून वही आणली आणि ताईच्या हातात दिली. तिनं चष्मा लावून वाचली. पहिलं पान, दुसरं पान, दोन रेघा ओढलेलं पान. यांचं काय झालं तेही मी सांगून टाकलं. ताई आधी हसणार होती, तिचं तोंड तसं झालंही होतं. "काखेत कळसा," असं म्हणून थांबली. वही मिटली.

"अगं बाई," ती म्हणाली, "तू स्वतःलाच स्वतःची सवत केलीस."

रात्रभर मी ते उलगडत होते, उसवलेल्या पुस्तकासारखं, पानापानानं. त्या दिवशी माझी बाही ताईच्या पावडरीत धुतलेली होती. माझं शून्य मी ताईच्या घरी ठेवून आले होते, आणि त्या परक्या शून्यावरून माझ्याच घराला मोजत होते. सत्तावीस वर्षं खळ रोज संध्याकाळी यांच्या शर्टाला लागून माझ्या दारातून आत येत होती, आणि माझ्या नाकानं एकदाही वर्दी दिली नव्हती. इमारतीचा वॉचमन घरच्या माणसांची नावं वहीत लिहितो का? नाही लिहीत. मग एक दिवस वॉचमन बदलतो आणि घरमालकालाच दारात अडवतो. बरं, खळीचं भांडं तिथे डोळ्यांसमोर होतं की! मी ते पाहिलं, त्याचं झाकणसुद्धा मला आठवतं. पण माझं नाक बाई शोधायला आलं होतं, त्याला भांडं कशाला दिसेल?

आणि नियम तर मीच शिकवते. आठ दिवस मत धरायचं नाही. मी सहाव्या दिवशी निकाल दिला. दोन दिवस, फक्त दोन दिवस दम धरला असता तर वास आपोआप गेला असता आणि माणूस घरात राहिला असता.

सकाळी नाक मुठीत धरून आधी शिवणवालीकडे गेले. ती आता पाकिटं करायच्या एका ठिकाणी कामाला लागली होती. लांब टेबलावर आठ-दहा बायका कागद दुमडत होत्या. तिनं मला बघितलं, पण हात थांबवले नाहीत. मी सगळं सांगितलं. त्या बायकांसमोर सांगितलं, कारण चूकही मी लोकांसमोर केली होती. वास खळीचा होता, माझ्या घराचा होता, माझा होता. चुकले. माफ कर.

तिनं पाच-सहा पाकिटं दुमडली.

"तुम्ही माफी मागितलीत, मी ऐकली," ती म्हणाली. "राग पण नाही आता. पण वहिनी, परत त्या खुर्चीवर नाही बसणार मी. मला आधी कधी माझ्या हातांचा वास यायचा नाही. आता येतो. घरी गेले की लिंबू चोळते, तरी येतो. बसमध्ये शेजारी कुणी बसलं की मी सरकते. हे तुम्ही कसं काढणार, सांगा?"

मी बाहेर आले. तिनं हसताना सुई खाली ठेवायची ती रीत मला आठवली. तिथे टेबलावर सुई नव्हती, आणि ती हसलीही नव्हती.

दिराच्या घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. दार धाकट्या जावेनं उघडलं. "या, जाऊबाई," म्हणाली, आणि पुढे काय बोलावं ते न सुचून आत निघून गेली. हे मागच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसले होते. वाळले होते. बॅग पलंगाखाली, जणू कुठल्याही क्षणी उचलायची आहे.

मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा दोघांच्या वाटचं भांडण न करता बोलले. ताई, शाल, बाही, खळ, आठ दिवस. ते ऐकत होते. माझं संपलं तरी ते खाली बघत राहिले.

"अहो, काहीतरी बोला."

"तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी," ते हळू म्हणाले, "दारात माझ्याजवळ आलीस आणि नाक मुरडलंस. मला वाटलं, म्हातारपण आलं. म्हाताऱ्या माणसांना एक वास येतो म्हणतात. मला वाटलं, पाच आठवडे लांब राहून आलीस, आता तुला माझा वास सहन होत नाही. म्हणून अंघोळ करायला लागलो. शर्ट बदलायला लागलो. दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात जास्त वासाचा साबण दे. तुमच्या कंपनीचा घेतला असता तर तुला कळलं असतं ना, मी कशाला वापरतोय ते."

मला रडू फुटलं. दुसऱ्या बाईचा पुरावा म्हणून मी ज्या ज्या गोष्टी वहीत लिहिल्या होत्या, त्या सगळ्या या माणसानं माझ्यासाठी केल्या होत्या.

"आणि मग तू म्हणालीस, या बाईचा वास येतो," ते म्हणाले. "तर तिच्यासमोर लाज वाटली, पण एक सांगू? क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. म्हटलं, म्हणजे माझा नव्हता."

बाहेर जाऊ कपबश्या मांडत होती, नुसतेच आवाज करत होती, म्हणजे आम्हाला वाटावं तिला काही ऐकू येत नाही. मी डोळे पुसले. त्यांच्याजवळ सरकले आणि काय सांगू या अंगाला लागलेल्या सवयीला! माझं कोपर आपोआप दुमडलं, नाक बाहीकडे गेलं. तिथेच मी थिजले. त्यांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा परत पडला, अगदी त्या दिवशी दारात पडला होता तसा.

"बघ," ते म्हणाले. "बघून घे. येतो का मला वास?"

मी हात खाली घेतला. बाही न हुंगताच त्यांच्या खांद्याशी नाक टेकवलं. खोटं बोलता आलं असतं. आजवर नाकानं कधी खोटं सांगितलं नाही, असं मी जन्मभर मिरवत आले, आणि त्या मिरवण्यापायी काय झालं ते समोर बसलं होतं. तरी खोटं बोलले नाही. महिनाभर ते या घरात झोपले होते, या घरच्या पाण्यात त्यांचे शर्ट धुतले गेले होते.

"येतो," मी म्हणाले. "परक्या घराचा येतो."



"मग आठ दिवस काही बोलू नकोस," ते म्हणाले, आणि वाकून पलंगाखालची बॅग ओढली.